आयफेलच्या विवरांमधून मोझेलपर्यंत: बंद रेल्वेमार्गावरची सायकलवाट

जर्मनीच्या पश्चिमेला, ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांच्या बेचक्यात आयफेल नावाचा डोंगराळ, विरळ वस्तीचा प्रदेश आहे. तिथल्या डाउन या गावापासून मोझेलकाठच्या बेर्नकास्टेल-कूसपर्यंत सुमारे ५८ किलोमीटरची सायकलवाट जाते. तिचं नाव मारे-मोझेल-राडवेग. वाटेचा मोठा भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर आहे. त्यामुळे तिथे मोटारी नाहीत, चढ ३ टक्क्यांच्या आसपासच राहतो, आणि आजूबाजूला ज्वालामुखींच्या स्फोटांनी पाडलेली, पाण्याने भरलेली गोल विवरं आहेत. जून २०२५ मध्ये आम्ही पुण्याहून जाऊन ही वाट केली. व्हिसाच्या अर्जापासून सायकल परत करण्यापर्यंत जे ज्या क्रमाने करावं लागलं, ते त्याच क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ५८ या आकड्यावर बेत आखू नका. रेल्वे बांधणाऱ्यांना चढ नको होता, म्हणून त्यांनी रूळ डोंगरांना वळसे घालत नेले. विवरं पाहायची तर वाट सोडून वर चढावं लागतं. सरळ पॅडल मारत गेलात तर एका दिवसात सहज मोझेलला पोचाल, पण ज्यासाठी एवढ्या लांब आलात ते एखाद्या ठिकाणी झाडांमधून चमकलेल्या पाण्यापलीकडे दिसणार नाही. वाट एका दिवसाची आहे, प्रदेश दोन-तीन दिवसांचा आहे.

जानेवारी ते एप्रिल: कागद

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. उन्हाळ्याच्या तारखा फार लवकर भरतात, म्हणून जूनसाठी जानेवारीतच अपॉइंटमेंट शोधायला सुरुवात करावी. आम्हाला मार्चमधली मिळाली. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. पॉलिसी घेताना सायकलिंग त्यात धरलेलं आहे का ते लेखी विचारून घ्या. काही पॉलिसींत ते ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं असतं.

सायकलप्रवासाच्या अर्जात खरी अडचण मुक्कामांची येते. हॉटेल एक, शहर एक असा साधा बेत नसतो. रोज गाव बदलतं. त्यामुळे तारीख, सकाळचं गाव, रात्रीचं गाव, अंतर आणि मुक्कामाचं नाव असा एका पानाचा तक्ता आम्ही अर्जाच्या पत्राला जोडला. प्रत्येक रात्रीचं आरक्षण मोफत रद्द करता येईल असंच घेतलं. तक्त्यातल्या तारखा, विम्याच्या तारखा आणि विमानाच्या तारखा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. अर्ज दिल्यावर निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस धरतात, पण गर्दीच्या महिन्यांत जास्तही लागतात. आमचे पासपोर्ट एप्रिलच्या सुरुवातीला हातात आले. तोपर्यंतचा काळ मनाला जरा जाचतो, कारण विमानाचं भाडं रोज वाढताना दिसत असतं.

सामान भरतानाचा एक नियम बरेच जण विसरतात. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच. शेंगदाण्याची चटणी, तेलावरच्या दशम्या, चिक्की, मेतकूट हे सगळं चालतं, आणि आयफेलमधल्या रविवारी फार उपयोगी पडतं. ते का, ते पुढे येईलच.

तारीख निवडणं

या वाटेची सगळी सोय रेगिओराडलर नावाच्या बससेवेवर उभी आहे. सायकलींचा ट्रेलर जोडलेल्या या बस एप्रिलपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत धावतात. शिवाय वाटेवरचा सगळ्यात लांब बोगदा हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात. त्यामुळे मोसम मे ते सप्टेंबर असाच धरावा.

मे-जूनमध्ये सुट्ट्यांकडे लक्ष द्या. २०२५ मध्ये ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा दिवस २९ मे, पेंटेकॉस्टचा सोमवार ९ जून आणि कॉर्पस क्रिस्टी १९ जून असे होते. या तारखा दर वर्षी ईस्टरप्रमाणे हलतात. स्वर्गारोहणाचा दिवस तिथे पुरुषांच्या सहलींचा दिवस असतो. बिअरच्या पेट्या हातगाडीवर घालून मंडळी याच वाटांवरून चालतात. सुट्ट्यांना जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी बसच्या ट्रेलरवर जागा मिळणं अवघड. आम्ही पेंटेकॉस्ट उलटून गेल्यावरचा बुधवार धरला आणि बससाठी मार्चमध्येच सायकलींचं आरक्षण केलं. ते ऑनलाइन होतं. गाडीची वेळ, चढायचा आणि उतरायचा थांबा, आणि सायकलींची संख्या, एवढंच द्यावं लागतं.

सोमवार-मंगळवार टाळण्याचं आणखी एक कारण आहे. खेड्यांतली खाणावळवजा हॉटेलं आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात आणि बहुतेक ठिकाणी ते दिवस हेच.

फ्रँकफर्ट ते मोझेल

डाउनला नियमित प्रवासी रेल्वे नाही. जवळचं सोयीचं स्टेशन म्हणजे कोब्लेंझ-ट्रिअर मार्गावरचं विटलिश मुख्य स्थानक. नावावर जाऊ नका: हे स्थानक विटलिश शहरात नसून काही किलोमीटरवर वेंगेरोर या उपनगरात आहे. शहराचं जुनं स्टेशन ज्या मार्गावर होतं तोच आज सायकलवाट झाला आहे. तिकडे जायचं म्हणून शहरातलं हॉटेल ‘स्टेशनजवळ’ समजून आरक्षित केलंत तर सामानासह तेवढं अंतर तुडवावं लागेल.

फ्रँकफर्टहून माइंझ, कोब्लेंझ आणि मग विटलिश असा प्रादेशिक गाड्यांनी प्रवास होतो. जूनमध्ये डॉइचलांड-टिकेट या मासिक तिकिटाचा दर महिन्याला ५८ युरो होता. जानेवारी २०२६ पासून तो ६३ झाला आहे. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या आणि बस त्यात येतात, रेगिओराडलरसुद्धा. वेगवान आयसीई आणि आयसी त्यात येत नाहीत. सायकलीचं भाडं या तिकिटात धरलेलं नसतं, पण हा भाग ज्यात येतो त्या ऱ्हाइनलांड-फाल्झ राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांत ती आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतर आणि शनिवार-रविवारी पूर्ण दिवस मोफत नेता येते. बसच्या ट्रेलरवरच्या सायकलीचे काही युरो वेगळे पडतात. प्रादेशिक गाडीत सायकलीची जागा राखून ठेवता येत नाही. डबा भरला असेल तर पुढची गाडी. म्हणून शेवटच्या बसच्या वेळेला टेकून गाडी निवडू नये.

सायकल: आणायची की भाड्याने?

भाड्याने. विमानात सायकल नेण्याचा खर्च, खोका आणि पुन्हा जोडणी हा सगळा खटाटोप दोन-चार दिवसांसाठी परवडत नाही. ई-सायकल तर नेताच येत नाही, कारण तिची बॅटरी प्रवासी विमानातल्या १६० वॉट-अवरच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते.

भाड्याच्या सायकलीचा प्रश्न एकच असतो: एका गावात घेतलेली दुसऱ्या गावात कशी सोडायची? यावरचा उपाय म्हणजे सायकल खाली, बेर्नकास्टेल-कूसमध्येच घ्यायची. पहिली रात्र तिथे काढा, मोठी बॅग त्याच हॉटेलात ठेवा, सकाळी सायकलीसकट बसने वर डाउनला जा आणि उतरत उतरत त्याच दुकानात परत या. ट्रेकिंग सायकलीला आम्हाला दिवसाला १६ युरो पडले. ई-सायकल त्याच्या दुपटीच्या आसपास होती. या वाटेसाठी ई-सायकलची गरज नाही. विवरांच्या काठांवर चढताना ती सोपी पडते इतकंच.

दुकानातून बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं द्या. सायकल उचलून पुढचं आणि मागचं चाक फिरवा, ब्रेकच्या पट्ट्यांची जाडी पाहा, कारण पुढे सलग उतार आहे. मागच्या कॅरिअरला पिशव्यांचे हुक बसतात का ते स्वतःच्या पिशवीनेच तपासा. नळीची जाडी वेगळी असेल तर हुक हलतात आणि खडखडत सुटतात. जर्मन कायद्याने सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक, घंटा, पुढे-मागे दिवे आणि परावर्तक लागतात. दिवा चाकाच्या मध्यभागी, हबमधे असलेल्या डायनॅमोवर चालतो, तो लागतो ना ते पाहा. बोगद्यांत तो हवाच.

व्हॉल्व्ह पाहून ठेवा. बऱ्याच भाड्याच्या सायकलींना आपल्या साध्या सायकलींसारखाच, रबरी नळीच्या जातीचा व्हॉल्व्ह असतो. काहींना मोटारीसारखा, तर काहींना बारीक फ्रेंच. पंप त्याला बसणारा घ्या. तिथे हवेचा दाब बारमध्ये मोजतात: १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरला सामानासह ४ बार पुरेत. वाट डांबरी असली तरी जुन्या भरावावर झाडांच्या मुळांनी डांबर उचललेलं असतं, आणि घट्ट फुगवलेला टायर ते सगळं मनगटांपर्यंत पोचवतो. आतली एक ट्यूब, दोन टायर-लिव्हर, ठिगळांची डबी आणि षट्कोनी किल्ल्या एवढं पुरतं. हेल्मेट तिथे कायद्याने सक्तीचं नाही, पण आपल्या मापाचं घरून न्या.

कपड्यांत एक वारारोधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे जूनमध्येही लागतात. वर पठारावर सकाळी ८-९ अंश असतात, दुपारी विशीत जातात, आणि पाऊस न सांगता येतो. याची भरपाई म्हणजे संध्याकाळ. सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे अंधाराची घाई नाही.

वर जाणं

बसथांब्यावर किमान पंधरा मिनिटं आधी पोचावं. सायकलीवरच्या सगळ्या पिशव्या, बाटल्या आणि पंप उतरवून ठेवावे लागतात, ई-सायकलची बॅटरी असेल तर तीही काढा. ट्रेलरवर प्रत्येक सायकल पुढचं चाक अडकवून पट्ट्याने बांधतात. शेजारच्या सायकलीच्या हँडलने रंग खरवडू नये म्हणून एखादं जुनं फडकं मध्ये घालायला जवळ ठेवावं. जे शेवटी उतरणार त्यांच्या सायकली आधी चढतात, म्हणून डाउनला जाणार असाल तर ते रांगेतच सांगा. बस विटलिशवरून तासाभराहून जास्त वेळ घेत वर चढते, आणि खिडकीतून उतरायचा सगळा प्रदेश आधीच पाहून होतो.

डाउनमध्ये उतरल्यावर लगेच पॅडल मारू नका. गावात ज्वालामुखी संग्रहालय आहे. तासभर तिथे दिला की पुढचं सगळं वाचता येतं. तिथेच सुपरमार्केट आहे आणि पुढे विटलिशपर्यंत एवढं मोठं दुकान नाही. रविवारी दुकानं बंद असतात, बेकऱ्या तेवढ्या सकाळी काही तास उघडतात. रविवार मध्ये येत असेल तर जेवणाचं सामान शनिवारी संध्याकाळीच घ्या. चटणी आणि दशम्या लागतात त्या इथे.

वाट जुन्या स्टेशनापासून निघते आणि थोड्याच वेळात दरीवरच्या दगडी पुलावर येते. पूल सुमारे २८ मीटर उंच आहे. डाउन सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे आणि सुरुवातीचा भाग चढाचा आहे, शाल्कनमेरन या गावाच्या आसपास वाट तिच्या सर्वांत उंच टप्प्याला पोचते. ३ टक्के चढ म्हणजे किलोमीटरला ३० मीटर. डोळ्यांना तो जाणवतच नाही, पायांना जाणवतो. टायरमध्ये हवा कमी आहे की काय अशी शंका येते. मधला गिअर धरून, मिनिटाला पॅडलच्या ७०-८० फेऱ्या ठेवून निघावं.

मग ५६० मीटर लांबीचा ‘ग्रोसेस श्लिट्झओर’ बोगदा. आत दिवे आहेत, पण बाहेरच्या उन्हातून शिरताना पहिल्या काही मीटरांत काहीच दिसत नाही. गॉगल बोगद्याच्या तोंडाशीच काढा, सायकलीचा दिवा लावा, वेग कमी करा. आत चालणारी माणसं, कुत्री आणि लहान मुलं असू शकतात. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो. घामाने भिजलेल्या अंगाने शिरण्याआधी जाकीट चढवावं.

विवरं

या विवरांना तिथे ‘मार’ म्हणतात. जमिनीखालून वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला की पाण्याची क्षणात वाफ होते. त्या स्फोटाने वरचा खडक फुटून उडतो, खाली पोकळी होते आणि वरचा भाग तिच्यात खचतो. उडालेला चुरा भोवती पडून बुटकं कडं तयार होतं. उंच शंकूसारखा डोंगर तयारच होत नाही. उरतो तो जमिनीतला गोल खड्डा, आणि त्यात पाणी साठतं. आयफेलमध्ये असे सत्तरच्या वर मार आहेत, पण आज पाणी असलेले जेमतेम दहा-बारा. बाकीचे गाळाने भरून कुरणं किंवा दलदल झाले आहेत. उल्मेनचा मार सगळ्यात तरुण, सुमारे ११,००० वर्षांचा.

आपल्याला ज्वालामुखी परके नाहीत. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पण तो जमिनीच्या भेगांतून शांतपणे वाहत थरावर थर साचला. आयफेलमध्ये त्याच्या उलट, छोटे छोटे सुटे स्फोट. लोणारचं सरोवर पाहिलेल्या माणसाला इथल्या काठावर उभं राहिल्यावर ते आठवेल, आणि ती आठवण निराधार नाही. लोणारलाही एके काळी ज्वालामुखीचं विवर समजत. पुढे ते बेसॉल्टवर आदळलेल्या अशनीने झालं हे सिद्ध झालं. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, इथले मार त्याहून लहान, पण त्यांतलं पाणी खोल.

शाल्कनमेरनला वाट सोडा. गावाच्या काठाशी शाल्कनमेरनचा मार आहे. हे जोडविवर आहे: एका भागात पाणी, दुसरा भरून सपाट झालेला. गावातून वर रस्ता चढतो आणि दोन मारांच्या मधल्या खिंडीत येतो. हा रस्ता मोटारींचा आहे, चढ तीव्र आहे आणि एका ओळीतच चालवावं. वर पोचलात की एका बाजूला खाली शाल्कनमेरनचा मार आणि गाव, दुसऱ्या बाजूला वाइनफेल्डचा मार, सुमारे ५० मीटर खोल, काठावर एकही घर नाही. एक जुनं चर्च आणि दफनभूमी तेवढी आहे. वाइनफेल्ड गाव १६व्या शतकात प्लेगनंतर ओसाड पडलं. या मारात पोहायला बंदी आहे. पोहायचं तर शाल्कनमेरन, गेम्युंडन किंवा पुढच्या पुल्फरमारच्या ठरवून दिलेल्या जागी.

सायकली खिंडीत वाहनतळाजवळच कुलपं लावून ठेवा. काठावरच्या अरुंद पायवाटा चालणाऱ्यांसाठी आहेत. वाइनफेल्डच्या काठाने चालत मॉयझेबेर्ग टेकडीवरच्या दगडी मनोऱ्यापर्यंत गेलात तर गेम्युंडनचा मारही झाडीत खाली दिसतो. या एका चक्करीला सावकाश दोन तास धरा. माझ्या मते संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि ५८ किलोमीटरच्या हिशेबात तो कुठेच धरलेला नसतो.

मुक्काम आम्ही गिलेनफेल्डला केला. शाल्कनमेरनपासून तिथपर्यंत वाट कुरणं आणि छोट्या गावांजवळून निवांत जाते. एका रात्रीसाठी खोली द्यायला काही हॉटेलं नाखूश असतात, म्हणून ‘बेट उंड बाइक’ ही पाटी असलेली जागा शोधा. जर्मन सायकल संघटनेची ही मान्यता आहे: तिथे एका रात्रीसाठीही खोली देतात, सायकलीला बंद जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय असते. दोघांच्या खोलीला न्याहारीसह ९६ युरो लागले. शाकाहारी माणसाने आल्या आल्या विचारून ठेवावं. बटाट्याचे घावन आणि सफरचंदाचा गोड रस्सा, चीज घातलेला फ्लामकूखन (पातळ, पिझ्झासारखी भाकरी), परतलेले बटाटे आणि सॅलड एवढं सहज मिळतं. परतलेल्या बटाट्यांत आणि फ्लामकूखनवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, ते नको म्हणून आधीच सांगावं लागतं. स्वयंपाकघर रात्री लवकर बंद होतं, साडेसातला टेबलावर असलेलं बरं. काही ठिकाणी कार्ड चालत नाही, शे-दीडशे युरो रोख जवळ असू द्या.

दुसऱ्या दिवसाची सकाळ पुल्फरमारसाठी. तो गिलेनफेल्डपासून दोनएक किलोमीटरवर आहे, जवळजवळ अचूक गोल, सगळीकडून बीचच्या झाडांनी वेढलेला आणि सत्तर मीटरहून खोल. इथे कड्याच्या कापलेल्या बाजूला राखेचे थर उघडे दिसतात. बोटभर जाडीचे राखाडी पट्टे, त्यांत मोहरीएवढे लाव्हाचे काळे दाणे, आणि मधूनच पाटीच्या दगडाचे चपटे, धारदार तुकडे. ते तुकडे म्हणजे स्फोटाने फुटलेला मूळचा, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा खडक. लाव्हापेक्षा त्याचंच प्रमाण जास्त दिसतं, आणि मार कसा होतो ते तिथे उभ्या उभ्या पटतं. हा युनेस्को भूउद्यानाचा भाग आहे. दगड पाहा, उकरू नका.

वेळ असेल तर तिथून श्ट्रोनलाही जाऊन या, तीन-चार किलोमीटर. गावात सुमारे १२० टन वजनाचा आणि पाच मीटर व्यासाचा लाव्हाचा गोळा ठेवला आहे. तो एका झेपेत उडालेला नाही. विवराच्या उतारावर पुन्हा पुन्हा घरंगळत, चिकट लाव्हाचा एकेक थर अंगावर घेत तो वाढला. गिलेनफेल्डच्या दुसऱ्या अंगाला होल्झमार आहे. त्याच्या तळाशी गाळाचे वर्षागणिक थर साचलेले आहेत आणि हवामानाच्या अभ्यासकांसाठी ते फार मोलाचे ठरले आहेत. पाहायला तो छोटा, शांत आहे, अर्धा तास पुरे.

उतार

गिलेनफेल्डनंतर विटलिशपर्यंत मुख्यतः उतार. उंचीचा फरक आणि अंतर पाहता सरासरी १ टक्क्याच्या आसपासचाच, पण इतका सलग की ताशी २५-३० चा वेग आपोआप येतो. धोका नेमका इथे आहे. वाट जिथे गावरस्ता ओलांडते तिथे मध्ये खांब किंवा आडवे लाल-पांढरे अडसर असतात, आणि प्राधान्य बहुतेक वेळा रस्त्याला असतं. पिशव्या लावलेली सायकल अडसरांमधून जाताना रुंदीचा अंदाज चुकतो आणि मागची पिशवी अडकते. अडसर दिसताच ताशी १० वर या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना मध्ये ठेवा. कोवळी बोटं सलग ब्रेक दाबून दुखतात, म्हणून दर काही किलोमीटरांवर थांबा. पावसानंतर डोंगर खोदून वाट काढलेल्या भागात ओली पानं आणि शेवाळ साचतं. वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबू नका.

या टप्प्यात हासबोर्नच्या आसपास मोटारवे जवळून जातो आणि त्याचा आवाज काही काळ सोबत राहतो. मग प्लाइनजवळ पुन्हा बोगदे आणि उंच पूल येतात, जंगल दाट होतं आणि आवाज मागे पडतो.

पाणी हा इथला खरा प्रश्न. सार्वजनिक नळ फार कमी. गावच्या दफनभूमीत झाडांसाठी नळ असतो, पण त्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी जर्मन पाटी असेल तर ते घेऊ नका. बेकरीत काहीतरी घेऊन बाटली पुढे केली की भरून देतात. माणशी दीड लिटर घेऊनच निघावं.

पाट्या हिरव्या अक्षरांच्या आणि पांढऱ्या, शाखा फुटते तिथे आवर्जून लावलेल्या. वाट फक्त विटलिश शहरात हरवल्यासारखी होते. तिथे नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवलेला बरा, कारण आयफेलच्या दऱ्यांत नेटवर्क जातं. शहराबाहेर पडल्यावर लीझर नदीच्या कडेने प्लाटेन, नोविआंड आणि लीझर या गावांवरून सपाट वाट मोझेलला मिळते. हवा एकदम उबदार होते आणि पाटीच्या दगडाच्या उतारांवर द्राक्षमळे सुरू होतात. शेवटचे काही किलोमीटर नदीकाठाने. इथे सायकलींची आणि चालणाऱ्यांची गर्दी असते. वाईन चाखायची असेल तर सायकल परत केल्यावर: रक्तात १.६ प्रति हजार अल्कोहोल असेल तर सायकलस्वारावरही गुन्हा होतो, आणि सायकल वेडीवाकडी चालली किंवा अपघात झाला तर ०.३ लाही.

बेर्नकास्टेल-कूसमध्ये सायकल संध्याकाळी परत करणार असाल तर दुकान बंद व्हायची वेळ आधीच लिहून घ्या. बरीचशी दुकानं सहाला बंद होतात. परत करताना दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत आणि अनामत रक्कम परत मिळाल्याची पावती घ्यावी.

जर्मनीतला खर्च, म्हणजे दोघांच्या तीन रात्री, सायकली, बस, जेवण आणि संग्रहालय, डॉइचलांड-टिकेट धरून ६७० युरोंच्या आसपास झाला. तेव्हा युरो शंभर रुपयांच्या जवळ होता. व्हिसा, विमा आणि विमानभाडं याच्या बाहेर. तंबूत राहिलात तर यातले शे-दोनशे सहज वाचतील, पुल्फरमारजवळ तळ आहे.

डॉइचलांड-टिकेट ही मासिक वर्गणी आहे. आपोआप पुढच्या महिन्यासाठी पैसे कापले जातात, आणि चालू महिन्याच्या अखेरीस बंद व्हावी असं वाटत असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. आमची वाट ११ जूनला सुरू झाली, म्हणजे रद्द करण्याची मुदत त्याआधीच संपत होती. तिकीट घेतल्याच्या दिवशीच ॲपमध्ये जाऊन रद्द करून टाका. महिनाअखेरपर्यंत ते चालूच राहतं.